‘पर्यायी’ हा एक शब्द किती कामं करणार?

प्रश्न असा आला आहे: “मित्रमंडळींसाठी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमांचं मराठी टिपण करतो आहे. ‘क्लास’ला ‘वर्ग’ लिहिलं. ‘अल्टरनेट क्लास’, ‘व्हेरिएंट रूल’ आणि ‘ऑप्शनल रूल’ या तिन्ही ठिकाणी ‘पर्यायी’ लिहिलं. चालेल का?” (हा कल्पनेतल्या साहसांचा, एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा खेळ. ‘क्लास’ म्हणजे ते पात्र काय करतं, लढतं, जादू करतं की चोरी, ते सांगणारं नाव.)

‘वर्ग’ काढून टाका, असं मी आग्रहाने सांगेन. मराठीत वर्ग म्हटलं की शाळेची खोली डोळ्यांपुढे येते, नाहीतर मध्यमवर्ग आणि मागासवर्ग. “माझ्या पात्राचा वर्ग चोर” हे वाक्य कुणाच्या तोंडी बसणार नाही. व्याकरणात आपण शब्दांच्या आठ जाती बिनदिक्कत मोजतो, पण खेळायला बसलेल्या माणसाला “तुझी जात कोणती?” असं विचारायला लावणारं भाषांतर नकोच. ‘वर्ण’ही त्याच कारणाने बाद.

मी ‘पेशा’ लिहीन. “तुझ्या पात्राचा पेशा काय?” “चोर.” बोलताना कुठेही अडखळायला होत नाही. शिवाय या शब्दाचा पूर्वेतिहास इथे फार चपखल बसतो. पेशा फारसीतून आला, आणि मध्य फारसीतलं त्याचं जुनं रूप ‘पेशग’ समाजातल्या गटांसाठीही वापरलं जाई: पुरोहित, योद्धे, शेतकरी आणि कारागीर हे चार पेशग. आता १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी हा खेळ पहिल्यांदा छापला तेव्हाचे तीन क्लास बघा: लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक. चार पेशगांपैकी दोन त्यांत जसेच्या तसे सापडतात. (पेशवा हा शब्दही फारसीच, पण तो ‘पेश’ म्हणजे ‘पुढे’ यावरून आलेला. त्याचं नातं इथे जोडू नका.)

एक अडचण मात्र खरी आहे. १९८१च्या प्राथमिक नियमसंचात एल्फ, ड्वार्फ आणि हाफलिंग या माणसांहून वेगळ्या जमातीही क्लासच होत्या. एल्फ असणं हा काही पेशा नव्हे, तो जन्म आहे. त्या आवृत्तीबद्दल लिहायचं असेल तर ‘पात्रप्रकार’ म्हणा. तुमचं टिपण २०१४च्या, म्हणजे पाचव्या आवृत्तीच्या, नियमांवर असेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

आता ‘अल्टरनेट’. इंग्रजीत या एकाच शब्दाला एकाआड एक असाही अर्थ आहे आणि दुसऱ्याच्या जागी येणारा असाही. मराठीत पहिल्यासाठी ‘दिवसाआड’मधला ‘आड’ आहे, दुसऱ्यासाठी ‘पर्यायी’. “याला पर्याय नाही” म्हणताना आपल्याला हेच म्हणायचं असतं, की याच्या जागी दुसरं काही ठेवता येणार नाही. म्हणजे ‘पर्यायी पेशा’ लिहिलं की वाचणारा लगेच विचारणार, कशाच्या जागी? याला उत्तर असेल तरच तो शब्द वापरावा.

२००४ साली तिसऱ्या आवृत्तीसाठी नियमांतल्या फेरफारांचा एक जाडजूड ग्रंथ निघाला. त्यातला शहरी रेंजर घ्या. मूळचा रेंजर रानात पावलांचे ठसे बघून माग काढतो. शहरी रेंजरला ते येत नाही. त्याऐवजी तो वस्तीत चौकशा करत बेपत्ता माणसाचा ठावठिकाणा लावतो. एक कसब गेलं, त्याच्या जागी दुसरं आलं. हा खरा पर्यायी पेशा. याउलट मूळ रेंजर १९७५ साली आणि बार्ड (गाणारा-वाजवणारा) १९७६ साली या खेळाच्या वार्तापत्रातून दाखल झाले, तेव्हा त्यांनी कुणाला हटवलं नव्हतं. त्यांना ‘पर्यायी’ म्हणणं चूक, ‘नवे पेशे’ किंवा ‘पुरवणी पेशे’ म्हणा.

‘सबक्लास’बद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण टिपणात तो येणारच. १९७८च्या नियमपुस्तकात ड्रूइड (निसर्गपूजक पुरोहित) हा धर्मोपदेशकाचा आणि पॅलॅडिन (धर्मयोद्धा) हा लढवय्याचा सबक्लास होता, म्हणजे खेळायला स्वतंत्र पेशाच. २०१४मध्ये त्याच शब्दाचा अर्थ बदलला. आता प्रत्येक पेशाचं पात्र उशिरात उशिरा तिसऱ्या पातळीला आपल्या पेशातला एक फाटा निवडतं. ‘उपपेशा’ म्हटलं तर जोडधंदा वाटतो, म्हणून सरसकट ‘शाखा’ बरा. पण मूळ पुस्तकाने प्रत्येक पेशाच्या शाखेला वेगळं नाव दिलं आहे, आणि भाषांतराची खरी मजा तिथे आहे. पॅलॅडिनची ‘शपथ’, ड्रूइडचं ‘मंडळ’, बार्बेरियन या रानटी योद्ध्याची ‘वाट’. बार्डच्या शाखेला इंग्रजीत ‘कॉलेज’ म्हटलंय. तिथे ‘महाविद्यालय’ लिहू नका, कृपा करून ‘घराणं’ लिहा. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाने गुरूकडून घेतलेली रीत असंच ते आहे, आणि मराठी वाचकाला त्यासाठी एक ओळही समजावून सांगावी लागत नाही.

‘व्हेरिएंट रूल’साठी मी ‘नियमभेद’ सुचवतो. भेद म्हटलं की मतभेद आणि भेदभाव आठवतात हे कबूल, पण पाठभेद हा शब्द आपल्याकडे चांगला रुळलेला आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकारलेली संहिता वर आणि पाठभेद खाली तळटीपांत दिले आहेत. दोन्ही एकदम वाचता येत नाहीत, एका जागी एकच पाठ धरावा लागतो. नियमभेदाचंही तसंच. २०१४च्या नियमांत पात्रांची ताकद भरून काढणारी छोटी विश्रांती एक तासाची आणि मोठी आठ तासांची. त्याच वर्षीच्या खेळ चालवणाऱ्याच्या पुस्तकातला एक भेद छोटी विश्रांती आठ तासांची आणि मोठी सात दिवसांची करतो. एवढ्या एका बदलाने सगळ्या मोहिमेची, म्हणजे बैठकीमागून बैठक चालणाऱ्या कथेची, चाल पालटते. जखमी पात्राला आठवडाभर गावात थांबावं लागतं, जादूगार मंत्र जपून वापरतो, आणि भांडण उकरून काढण्याआधी टोळी दोनदा विचार करते. दोन्ही नियम एकाच मोहिमेत एकत्र चालणं शक्य नाही.

‘ऑप्शनल रूल’ला सरळ ‘ऐच्छिक नियम’ म्हणा, शाळेतल्या ऐच्छिक विषयासारखं. शत्रूला दोन बाजूंनी घेरलं तर हल्ल्याचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा, हा त्याच पुस्तकातला ऐच्छिक नियम. तो कोणत्याही नियमाला उठवत नाही, घेतला तर भर पडते, सोडला तर खेळ पूर्ववत चालतो. मात्र इंग्रजी पुस्तकं स्वतःच ही लेबलं नेहमी काटेकोरपणे लावत नाहीत. त्यामुळे लेबलाचं भाषांतर करण्यापेक्षा नियम वाचा आणि तो काय करतो ते बघून शब्द ठरवा. जागा घेत असेल तर भेद, भर घालत असेल तर ऐच्छिक.

आपल्या व्याकरणपरंपरेतही हा प्रश्न आहे. पाणिनी विकल्प सांगताना ‘वा’, ‘विभाषा’ आणि ‘अन्यतरस्याम्’ असे तीन शब्द वापरतो. परंपरेने ते एकाच अर्थाचे मानले. भाषाशास्त्रज्ञ पॉल किपार्स्की यांनी १९७९ साली मांडलं की तिन्हींत फरक आहे: ‘वा’ म्हणजे शक्यतो करावं, ‘विभाषा’ म्हणजे शक्यतो करू नये, आणि ‘अन्यतरस्याम्’ म्हणजे दोन्ही सारखंच. सगळ्यांना हे पटलेलं नाही, पण विकल्पाच्या छटांना वेगळे शब्द असावेत ही निकड मला अगदी आपली वाटते.

राहिला ‘हाउस रूल’, तो ‘घरचा नियम’. गल्लीतल्या क्रिकेटमधला ‘एक टप्पा आउट’ जसा कुठल्याच नियमपुस्तकात नसतो, तसे हे तुमच्या मंडळींनी आपसांत ठरवलेले नियम. टिपणात त्यांना वेगळं पान द्या आणि वर ‘घरचे नियम’ असं ठळक लिहा, म्हणजे तुमच्याकडे शिकलेला नवखा खेळाडू दुसरीकडे खेळायला गेला तर छापील काय आणि तुमचं काय हे त्याला ठाऊक असेल.