बर, सैल पट्ट्या आणि पांढरे डाग

प्रश्न : पत्र्याची रुंद कॉइल (गुंडाळी) गोल चाकूंनी लांबीने चिरून आम्ही अरुंद पट्ट्या काढतो, म्हणजे स्लिटिंग करतो. चाकूंना नुकतीच धार लावून आणली, तरी पट्टीच्या कडेला बर, म्हणजे धातूची उठलेली धारदार कोर, येतेच. असं का?

उत्तर : धार लावली म्हणजे चाकूचा व्यास घटला. ओव्हरलॅप (वरचा चाकू खालच्याच्या धारेखाली जितका उतरतो ते माप) पुन्हा बसवलात का, ते आधी पाहा. माझा संशय मात्र क्लिअरन्सवर, म्हणजे वरच्या आणि खालच्या चाकूमधल्या आडव्या फटीवर आहे. चाकू पत्रा पूर्ण कापत नाही. तो थोडा आत शिरतो आणि उरलेली जाडी तुटते. क्लिअरन्स बरोबर असेल तर वरून आणि खालून निघालेल्या भेगा एकमेकींना भेटतात. तो वाढला की धातू फटीत ओढला जातो, तीच बर. साध्या पोलादासाठी जाडीच्या 10 टक्क्यांच्या आसपास सुरुवात करा, म्हणजे 1 मिमी पत्र्याला 0.1 मिमी. एवढ्याशा मापाला स्पेसरवर (चाकूंमधलं अंतर राखणाऱ्या कड्यांवर) चिकटलेली घाणही बिघडवते. सेटिंग करताना स्पेसर पुसायचा कंटाळा करणारे खूप पाहिले आहेत.

बर ठरावीक अंतरानेच येत असेल, तर ते अंतर मोजा. चाकूच्या परिघाएवढं भरलं, तर धारेचा एखादा टवका उडाला आहे. मग सेटिंगशी खेळत बसू नका, चाकू काढा.

प्रश्न : एका मोठ्या कॉइलमधून 12 पट्ट्या काढतो. मधल्या घट्ट गुंडाळल्या जातात, कडेच्या लोंबतात. कडेचा माल खराब समजायचा का?

उत्तर : मुळीच नाही. रोलिंगमध्येच पत्रा मध्यभागी किंचित जाड राहतो. फरक 0.01 मिमी धरा. 500 वेढ्यांनंतर त्रिज्येत 5 मिमी तफावत पडते, म्हणजे मधली पट्टी त्या फेऱ्यात सुमारे 31 मिमी जास्त ओढली जाते. मँड्रेल (पट्ट्या गुंडाळणारा फिरता दंड) सगळ्यांना एकच, त्यामुळे कडेच्या मागे पडतात. लूपसाठी, म्हणजे पट्ट्यांच्या झोळासाठी, खड्डा असतो तो याचसाठी. सैलपणा तिथे लोंबू द्यावा आणि पुढे टेन्शन पॅडने (पट्ट्या दाबून धरणाऱ्या गादीने) सगळ्यांना सारखा ताण द्यावा. सैल पट्टीच्या वेढ्यांत पुठ्ठ्याचे तुकडे सरकवण्याची युक्ती चालते, पण मऊ किंवा रंगीत पत्र्यावर त्याचे वळ उठतात.

प्रश्न : गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेली) कॉइल छपराखाली ठेवूनही आतल्या वेढ्यांत पांढरे डाग पडले. पाणी आलं कुठून?

उत्तर : हवेतून. थंड कॉइल उबदार, दमट गोदामात आणून लगेच वेष्टण फाडलं की तिच्यावर दव धरतं आणि वेढ्यांच्या फटींत ओढलं जातं. तिथे हवा खेळत नाही, म्हणून जस्तावर एरवी बनणारा संरक्षक थर बनत नाही. पांढरा गंज बनतो. कॉइल गोदामाच्या तापमानाला येईपर्यंत वेष्टण राहू द्या. टनावारी वजनाच्या कॉइलला एक-दोन तास पुरत नाहीत. ओली झालेली कॉइल साठवू नका, उलगडून वाळवा किंवा लगेच वापरा.

प्रश्न : कॉइलला बांधलेले पट्टे कापताना माणसाने कुठे उभं राहावं?

उत्तर : बाजूला. पत्र्याच्या सुटणाऱ्या टोकासमोर नाही आणि पट्ट्याच्या रेषेतही नाही. टोक खाली, कॉइलच्याच वजनाखाली दाबलेलं ठेवा, किंवा लाइनवर दाब-रोलर टेकवल्याशिवाय शेवटच्या पट्ट्याला हात लावू नका. कापायला पट्टा कापायची कात्रीच घ्या, पहार नको.