रिकामा फेरा

प्रश्न : वडिलांनी १९९१ साली गावाबाहेर चार एकरांत उभारलेले मनोरंजन उद्यान येत्या मे महिन्यानंतर बंद करायचे, असे आम्ही भावंडांनी ठरवले आहे. जमिनीविषयी अण्णा काही बोलले नाहीत. पण आकाशपाळणा विकत घेऊ इच्छिणारा जत्रेवाला येऊन गेल्यापासून ते सही करायला तयार नाहीत. रोज पहाटे जाऊन रिकामाच पाळणा फिरवतात. एस्सेल वर्ल्डसुद्धा बंद पडले, हे त्यांना कसे पटवावे? – एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : स. न. वि. वि.

एस्सेल वर्ल्डचा दाखला कृपया पुन्हा देऊ नका. गोराईला १९८९ साली सुरू झालेले आणि २०२२ साली बंद झालेले ते उद्यान एका मोठ्या उद्योगसमूहाचे होते. तुमचा निर्णय घरातल्या पंगतीत व्हायचा आहे.

रिकामा पाळणा फिरवणे हे तुम्हाला म्हातारपणाचे लक्षण वाटते, मला तसे वाटत नाही. माणसे बसवण्यापूर्वी एक रिकामा फेरा घेऊन बेअरिंगचा आवाज ऐकायचा, ब्रेक कसा धरतो ते पाहायचे, पिना आणि साखळ्या हाताने चाचपायच्या, हा या धंद्याचा रोजचा नेम आहे. तो पाळणाऱ्या माणसाने नेमके जत्रेवाल्याच्या भेटीनंतर हात आखडता घेतला, यात मला कारण दिसते. एका जागी काँक्रीटमध्ये रोवलेला पाळणा दर जत्रेला खोलून कधी ओल्या, कधी उताराच्या जमिनीवर उभा करायचा, तर त्यात कोणाची मुले बसतील, ही धास्ती त्यांना असू शकते. तसे असेल तर चार पैसे सोडा आणि पाळणा त्यांच्यादेखत तोडून भंगारात द्या.

तुमच्या पत्रात कामगारांचा शब्दही नाही, हे मात्र खटकले. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाच वर्षे पूर्ण केलेल्याला ग्रॅच्युइटी द्यावीच लागते. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना १३,००० रुपये घेणाऱ्या, २० वर्षे राबलेल्या पाळणेवाल्याचे दीड लाख रुपये होतात. उद्यान बंद करण्याची भरपाई वेगळी. ती कामगार कायद्याच्या जाणकाराकडून काढून घ्या आणि जमिनीचे पैसे वाटण्याआधी हे आकडे अण्णांसमोर ठेवा.

त्याआधी एके दिवशी पहाटे त्यांच्याबरोबर जा, पाळणा फिरत असताना ते काय ऐकतात ते विचारा. कागद त्या दिवशी घरीच राहू द्या.