व्ह्यूअरमध्ये दोन-दोन अजिंक्यतारे

प्रश्न : सर, घरीच पुठ्ठ्याचा स्टिरिओ व्ह्यूअर (शेजारचे दोन फोटो एक होऊन खोली दिसते ते यंत्र) केलाय. चष्मेवाल्याकडून प्लस पाचच्या ६० मिमी गोल काचा घेतल्या, मधे ६५ मिमी अंतर ठेवलं, कार्ड २० सेंमीवर. यवतेश्वर घाटातून मोबाईल ६-७ सेंमी सरकवून दोन फोटो काढले, ९ सेंमी रुंद प्रिंट शेजारी शेजारी चिकटवले. किल्ले दोनच दिसतात आणि कपाळ ठणकतं! चष्मेवाला म्हणतो तुमचा पीडी (दोन बुबुळांमधलं अंतर) ६८ मिमी आहे, काचा तेवढ्या लांब पाहिजेत. खरंय का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पीडीला उगाच बोल लावताय. प्लस पाचचा फोकस २० सेंमी, कार्ड बरोबर तिथंच आहे, म्हणजे फोटोतल्या एका ठिपक्याचे किरण काचेतून समांतर बाहेर पडतात, मग डोळा काचेच्या मधोमध असो नाहीतर दोन-चार मिमी बाजूला, ठिपका त्याच दिशेला दिसणार. पीडी जुळला नाही तर कडा जरा फिसकटतात, एवढंच.

खरी गोची प्रिंटमध्ये आहे. पट्टी घ्या आणि दोन्ही फोटोंत किल्ल्याचं तेच टोक ते तेच टोक मोजा, जवळचं झाड नको, लांबचंच काहीतरी धरा. ९० मिमीच्या आसपास भरेल. काचांची केंद्रं ६५ वर, म्हणजे एकेका डोळ्याला साडेबारा मिमी बाहेर बघायचंय, दोन्ही मिळून सात अंश फाकायचं! डोळे आत वळतात हो, बाहेर फाकायची त्यांना सवयच नाही, कपाळ ठणकणार नाहीतर काय.

सोपा उपाय म्हणजे दोन्ही प्रिंट सारखेच कापून लांबच्या टोकांमधलं अंतर ६३-६४ वर आणा. पण मग फोटो अगदीच चिंचोळा होतो, मला स्वतःला ते आवडत नाही. त्यापेक्षा काचा सरकवून केंद्रं ८० वर न्या आणि फोटोंतली लांबची टोकं ७८ वर, डोळा काचेच्या आतल्या बाजूनं बघेल, तिथं काच प्रिझमसारखं काम करते आणि चित्र आत ओढते. स्कॉटलंडचा शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरनं १८४९ मध्ये हीच युक्ती केली, एकच भिंग मधून कापून जाड कडा बाहेर ठेवून बसवलं, आणि अमेरिकेतला डॉक्टर-लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्सच्या १८६१ च्या हातात धरायच्या व्ह्यूअरलाही तसल्याच काचा, म्हणून त्या ७ इंची कार्डांवरचे फोटो एकमेकांपासून एवढे लांब असूनही जुळतात.

केंद्र कुठंय ते घरीच बघता येतं. कागदावर रेघ मारून त्यावर काच धरा, रेघ काचेच्या आत-बाहेर न तुटता सरळ गेली की केंद्र त्या रेघेवर, काचेवर त्या रेघेची खूण करा, मग आडव्या रेघेवरही तसंच करा, दोन खुणा छेदतात तिथं केंद्र.

आणि प्रिंट चिकटवताना वरखाली मात्र अजिबात होऊ देऊ नका, तिथं डोळे आडव्यापेक्षा फार कमी सोसतात, एका मिलिमीटरच्या आतच ठेवा.

प्रश्न : आयर्विन पुलाच्या माझ्या फोटोत पूल पुढं आणि जवळचा माणूस मागं गेलाय! (सांगली)

उत्तर : डावा-उजवा उलटा लागलाय, अदलाबदल करा.