आमच्या वसाहतीत वीरमरण आलेल्या जवानांचे स्मरण कसे करावे?

आपण विचारले आहे की, घोडबंदर रस्त्यावरील आपल्या वसाहतीत येत्या २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, परिसरातील वीरमरण आलेल्या जवानांचे स्मरण करायचे असेल, तर बॅनर, देशभक्तिपर गाणी आणि पाहुण्यांची भाषणे यांपलीकडे काय करता येईल. कळव्यात आमच्या विभागातील काही रहिवासी गेली अकरा वर्षे हा दिवस पाळत आहोत. त्या अनुभवावरून सांगतो: आधी नावे मिळवा, ती अचूक लिहा आणि त्या दिवशी ती मोठ्याने वाचा. बाकीचे सारे त्यानंतर.

हे ऐकायला सोपे वाटते, पण ते किती अवघड आहे हे मला एका जवानाच्या वडिलांमुळे कळले. आमच्या मैदानाच्या कोपऱ्यात चार नावांचा संगमरवरी फलक बसवायचा होता. त्यांतील एक जवान हुद्द्याने नाईक होता. कारागिराला वाटले की आडनाव चुकून आधी लिहिले गेले आहे, म्हणून त्याने 'नाईक' हा शब्द शेवटी नेला आणि खरे आडनाव गाळून टाकले. मसुदा तपासणाऱ्या आम्हा तिघांपैकी एकाच्याही हे लक्षात आले नाही, कारण नाईक आडनावाची माणसे आपल्या रोजच्या ओळखीतली असतात. अनावरणानंतर त्याचे वडील फलकापुढे गेले, चष्मा पुसून पुन्हा घातला, कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवले आणि माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, "आमच्या मुलाचं राहिलं वाटतं." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला आजही सहन होत नाही. दीड महिन्यात आम्ही फलक बदलला.

'शिपाई' या हुद्द्याचेही असेच होते. कार्यालयातील शिपाई आणि पायदळातील शिपाई यांत मुलांची गल्लत होते, म्हणून हुद्द्याबरोबर रेजिमेंटचे नाव अवश्य लिहावे. शिवाय पायदळात जो शिपाई, तो तोफखान्यात गनर, इंजिनिअर्समध्ये सॅपर आणि रायफल रेजिमेंटमध्ये रायफलमन असतो. घरच्यांसाठी हा फरक फार मोठा असतो, कारण मुलगा सुट्टीवर आला की ज्या अभिमानाने आपल्या पलटणीबद्दल बोलायचा, तो अभिमान त्या एका शब्दात असतो.

माहिती पडताळण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी संपर्क साधावा. दिल्लीतील राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे लोकार्पण २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. तेथील त्यागचक्राच्या ग्रॅनाइटवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या जवानांची नावे कोरलेली आहेत. तरीही शेवटचा शब्द घरच्यांचाच मानावा.

ठाण्यासारख्या शहरात एक अडचण हमखास येते. येथील बहुतेक घरांचे मूळ कोकणात नाहीतर घाटावर असते, त्यामुळे जवान वाढलेला असतो ठाण्यातील चाळीत, पण अंत्यसंस्कार आणि स्मारक गावी झालेले असते आणि शेजारच्या इमारतीतील लोकांना त्याची कल्पनाही नसते. गावे ही आठवण चांगली जपतात. गणपतीला मुंबई-गोवा महामार्गाने जाताना आपण माणगाव ओलांडतो. तेथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हुद्दा पाहा, नाईकच आहे. आपल्या वसाहतीत घरोघरी विचारताना "आपल्याकडे कोणी आहे का?" एवढेच विचारू नका, "आपल्या गावचे कोणी आहे का?" असेही विचारा; यादी वाढेल.

आपल्याच जिल्ह्यातील मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ७ ऑगस्ट २०१८ रोजी काश्मीरमधील गुरेझ भागात घुसखोरांशी लढताना धारातीर्थी पडले. त्याच चकमकीत रायफलमन मनदीपसिंग रावत, रायफलमन हमीरसिंग आणि गनर विक्रमजीतसिंग यांनाही वीरमरण आले. आम्ही मेजर राणे यांचे नाव घेतो तेव्हा ही तिन्ही नावे त्यांच्यासोबतच वाचतो. ते तिघे उत्तराखंड आणि हरियाणाचे होते, ठाण्याशी त्यांचा संबंध नव्हता, असा आक्षेप एकदा आमच्याच बैठकीत घेतला गेला होता. मला तो अजिबात पटला नाही. जे एकत्र लढले, त्यांना आपण जिल्ह्याच्या हद्दीवरून वेगळे करावे, हे योग्य नाही.

कुटुंबीयांना बोलवायचे असल्यास आधी एकट्याने त्यांच्या घरी जा आणि त्यांना यायचे आहे का, हे विचारा. काही वीरमातांना यायला आवडते, काहींना त्या दिवशी घराबाहेर पडवत नाही. दोघींचाही मान राखावा. एका वर्षी आमचे प्रमुख पाहुणे पावणेदोन तास उशिरा आले आणि तोवर एक वीरपत्नी शाल-श्रीफळासाठी खुर्चीवर ताटकळत बसून होत्या. त्यानंतर आम्ही प्रमुख पाहुणे बोलावणेच बंद केले. आता सकाळी बरोबर आठ वाजता नावे वाचली जातात, प्रत्येक नावानंतर क्षणभर थांबले जाते, शेवटी दोन मिनिटे शांतता आणि मग राष्ट्रगीत. वाचणारी मुले नववी-दहावीची असतात आणि आठवडाभर आधी त्यांच्याकडून उच्चारांचा सराव करून घेतला जातो.

आपली यादी तयार झाली की ती छपाईला देण्यापूर्वी कागदावर घेऊन प्रत्येक घरी जा. फोनवर पाठवून काम उरकू नका. मी आजही दर जुलैच्या पहिल्या रविवारी त्या वडिलांकडे जातो. ते चष्मा पुसतात, पहिल्या ओळीपासून सगळी नावे मोठ्याने वाचतात आणि मुलाच्या ओळीशी आले की आधी हुद्दा, मग नाव, मग आडनाव, असे एकेका शब्दावर बोट ठेवून वाचतात.