२० वर्षं उभी असलेली डॅटसन २४०झेड (जुनी जपानी स्पोर्ट्स कार): थेट सेल मारून बघू का?

नका मारू. आधी सहाही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या आणि मग पान्याने क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) हातानेच दोन फेरे फिरवा. अडकला तर जोर लावू नका, पिस्टनच्या रिंगा तुटतात.

टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. तळाशी गंज आणि डिंकासारखा थर साचतो. तो दोन्ही कार्ब्युरेटरच्या नीडल व्हॉल्व्हमध्ये (पेट्रोल अडवणाऱ्या सुईत) अडकला की पेट्रोल ओसंडतं, आग लागू शकते. ब्रेकचे रबरी पाइप, सील सरसकट नवे घाला.

या गाडीचं खरं दुखणं मात्र गंजलेल्या पत्र्यात असतं. बॅटरीच्या ट्रेखाली स्क्रूड्रायव्हर टोचा. खपली पडून टोक आत गेलं, तर इंजिन राहू द्या. आधी फ्लोअर आणि खालच्या रेलचं (तळाला आधार देणाऱ्या पट्ट्यांचं) वेल्डिंग.