'सदसद्विवेकबुद्धी' : आतला साक्षीदार

एका वाचकाने विचारलं आहे : नीती आणि सार्वजनिक जीवन यांवरच्या ख्रिस्ती लेखनात 'सदसद्विवेकबुद्धी' हा शब्द सारखा भेटतो. 'अंतरात्म्याचा आवाज' याचाच हा जड पर्याय आहे का? आणि 'माझ्या सदसद्विवेकबुद्धीला पटेल तसं मी वागेन' हे वाक्य ख्रिस्ती अर्थाने बरोबर ठरेल का?

आधी लेखनाचं बघू. सत् आणि असत् मिळून सदसत्, म्हणून 'सदसद्विवेक'. 'सद्सद्विवेक' असं लिहिलं की 'असत्' मधला 'अ' गळून पडतो आणि नुसतं 'सत्-सत्' उरतं. मग विवेक करायचा तरी कशाचा? छापील मजकुरातही हे रूप आढळतं, पण ते टाळावं.

आता अर्थ. 'विवेक' हा 'विच्' या धातूपासून आला, म्हणजे वेगळं करणं, निवडणं. बायबलच्या नव्या करारात ज्या ग्रीक शब्दासाठी मराठीत 'सदसद्विवेकबुद्धी' वापरतात तो आहे 'सुनेइदेसिस', म्हणजे शब्दशः 'सह-जाणणं'. मी एखादी गोष्ट करतो आणि माझ्याच आत कोणीतरी माझ्यासोबत ती जाणत असतं. मराठी शब्दाचा भर निवाड्यावर आहे, ग्रीक शब्दाचा साक्षीवर. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की, ज्यांना मोशेचं नियमशास्त्र मिळालेलं नाही त्यांच्याही अंतःकरणात त्याची शिकवण लिहिलेली आहे आणि त्यांची सदसद्विवेकबुद्धी तशी साक्ष देते. म्हणजे ही केवळ श्रद्धावंतांची मिरास नाही. ख्रिस्ती विचारवंत इतर धर्मीयांशी किंवा निरीश्वरवाद्यांशी नीतीबद्दल बोलू धजतात ते याच आधारावर.

ही साक्षीची कल्पना मराठीला परकी मुळीच नाही. 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता' या तुकोबांच्या ओळीतली 'ग्वाही' म्हणजे साक्षच. माझ्या मते 'सुनेइदेसिस'च्या इतकं जवळ मराठीत दुसरं काही जात नाही. 'जनाची नाही, निदान मनाची तरी' या रोजच्या बोलण्यातही जनाखेरीज आणखी एक साक्षीदार गृहीत धरलेला असतोच.

'अंतरात्म्याचा आवाज' मात्र मी पर्याय म्हणून वापरणार नाही. आवाज म्हटला की तो वरून आल्यासारखा, बिनचूक वाटतो. ख्रिस्ती परंपरेत सदसद्विवेकबुद्धी चुकू शकते. करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचं मांस खावं की नाही यावरून वाद होता. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, हे जाणणाऱ्यांचं म्हणणं पौलाला मान्य होतं. तरीही काहींची सदसद्विवेकबुद्धी 'दुर्बळ' आहे, त्यांना ते खाणं पाप वाटतं, म्हणून त्यांच्यासाठी जाणत्यांनीच हात आवरावा, असं त्याने सांगितलं. बरोबर असूनही दुसऱ्याच्या मनाला जपायचं, ही अपेक्षा मला फार मोठी वाटते.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मचिंतकाने याची नीट मांडणी केली. सदसद्विवेकबुद्धी ही वेगळी देवता किंवा भावना नव्हे. नीतीची सामान्य तत्त्वं समोरच्या कृतीला लावून पाहण्याची ती बुद्धीचीच क्रिया आहे. ती चुकली तरी तिच्याविरुद्ध वागणं पापच. त्याने दिलेलं उदाहरण धाडसाचं आहे : एखाद्याच्या बुद्धीला ख्रिस्तावर विश्वास ठेवणं वाईट वाटत असेल, तर तसं वाटत असताना विश्वास ठेवणं हा त्याच्यासाठी दोष ठरेल. पण तो तिथेच थांबत नाही. जे जाणून घेणं आपलं कर्तव्य होतं ते जाणूनच घेतलं नाही, तर 'मला तसं वाटलं' ही सबब चालत नाही. सदसद्विवेकबुद्धी पाळायची, तशी ती घडवायचीही.

इथे लोकमान्य टिळक आठवतात. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त 'मनोदेवता', म्हणजे बरंवाईट सांगणारी मनातली स्वतंत्र देवता, मानणाऱ्या पक्षाचा विचार करताना त्यांनी असा निर्वाळा दिला की, सदसद्विवेकशक्ती ही बुद्धीहून निराळी देवता नाही. बुद्धीच शुद्ध करायला हवी. या एका मुद्द्यावर टिळक आणि अक्वायनस किती जवळ येतात! ईश्वराविषयीच्या दोघांच्या भूमिका अर्थातच वेगळ्या.

सार्वजनिक जीवनात हा शब्द आपल्याला भेटतो तो राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदात, सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात. त्याची मोठी कसोटी केरळात लागली. 'यहोवाचे साक्षीदार' या पंथातली तीन भावंडं राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढून टाकलं. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य' या खटल्यात त्यांच्या बाजूने निकाल दिला. ती श्रद्धा आपल्याला पटते का हा प्रश्नच नाही, ती प्रामाणिकपणे धरलेली आहे का एवढंच पाहायचं, अशी न्यायालयाची भूमिका होती. कायद्याने इथेच थांबावं, हे मला योग्य वाटतं. मुख्य प्रवाहातल्या चर्चना या पंथाची शिकवण मान्य नाही, तरी त्या मुलांचं संरक्षण हा सगळ्यांच्याच हिताचा भाग आहे. श्रद्धा खरी की खोटी हे न्यायालय विचारत नाही. तो प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारायचा असतो. घटनेतला आणि धर्मचिंतनातला शब्द एकच असला तरी अर्थाचा हा फरक लक्षात ठेवायला हवा.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : वाक्य चूक नाही, पण अपुरं आहे. 'पटेल तसं' यात कल माझा आणि कौलही माझाच. त्यापेक्षा 'सदसद्विवेकबुद्धीला स्मरून' हा प्रयोग मला नेमका वाटतो. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या बाजूने झालेल्या, सदसद्विवेकबुद्धीनुसार मतदान करण्याच्या आवाहनाचा उल्लेख मराठीत आजही असाच होतो. तिथे त्यामागे पक्षांतर्गत डावपेचही होते, हे खरं. पण 'स्मरून' हा शब्द आपण एरवी 'देवाला स्मरून सांग' असा वापरतो, आणि त्यात बोलणाऱ्याखेरीज दुसरं कोणीतरी हजर असतं.