रिपोर्ट करूनही मारहाणीचा व्हिडिओ का हटत नाही?

ताई, तुमचं म्हणणं मला असं समजलं: कोयत्याने मारहाण केल्याचा व्हिडिओ तुम्हाला फेसबुकवर दिसला, तुम्ही तीनदा रिपोर्ट केलात आणि तिन्ही वेळा ‘नियमांचं उल्लंघन आढळलं नाही’ असं उत्तर आलं. दोन दिवसांनी तोच सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला आणि सहावीतल्या मुलाने पाहिला. हे थांबवायला कुणी बसलंय की नाही, असा तुमचा प्रश्न.

बसलेलं असतं. मी स्वतः मालाडला दोन वर्षं बसलो होतो, कंत्राटदार कंपनीत, रात्रपाळीला. फोन लॉकरमध्ये ठेवायचा आणि रिपोर्ट झालेल्या मराठी-हिंदी पोस्टची रांग उपसायची. व्हिडिओ छोटा करून, काळापांढरा करून बघायची सोय होती. आवाज मात्र बंदच करून टाकायचो, कारण घरी जाताना लोकलमध्ये तोच कानात राहायचा. एका पोस्टला मिळायचे काही सेकंद. एकदा ‘आज त्याचा गेम वाजवणार’, म्हणजे त्याला ठार करणार, असं लिहिलेली पोस्ट आली, खाली एका पोराचा फोटो आणि नाक्याचं नाव. मी वर पाठवली. वरचा माणूस मराठी जाणणारा नव्हता, त्याने भाषांतराच्या यंत्रात घालून पाहिली आणि शेरा मारला, ‘खेळाविषयी पोस्ट, कारवाई नको.’ उलट ‘उशीर केलास तर मर्डर करीन तुझा’ असं दोस्ताला गमतीत म्हणणाऱ्याचं खातं मात्र बंद झालं होतं.

दुसरी गोष्ट लोकांना माहीत नसते. रक्तपाताचा प्रत्येक व्हिडिओ नियमाने बंद नाही. कुणी निषेध म्हणून किंवा बातमी म्हणून टाकला, तर बऱ्याचदा वर इशाऱ्याचा पडदा लावून तो तसाच ठेवतात. ‘बघा मुंबईत काय चाललंय’ एवढी ओळ वर लिहिली की काम झालं. तुमच्या व्हिडिओवरही असंच काही लिहिलेलं असणार, माझी खात्री आहे.

आणि काढला तरी त्याची प्रत पुन्हा कुठेतरी निघतेच. यंत्र ओळखतं तो व्हिडिओचा ठसा, म्हणजे त्या फाइलवरून काढलेली खूण, घडलेली घटना नव्हे. कडा कापल्या, उलटा केला, टीव्हीच्या पडद्यावरून मोबाइलने टिपला की ठसा बदलतो. 15 मार्च 2019 ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला, 51 माणसं गेली, हल्लेखोराने 17 मिनिटं फेसबुक लाइव्ह केलं. लाइव्ह चालू असताना बघणारे 200 सुद्धा नव्हते आणि पहिला रिपोर्ट आला तो सुरुवातीपासून 29 मिनिटांनी. पुढच्या 24 तासांत फेसबुकने 15 लाख प्रती हटवल्या, त्यातल्या 12 लाख अपलोड होतानाच अडवल्या. म्हणजे तीन लाख चढल्याच होत्या! आपल्याकडे 8 फेब्रुवारी 2024 ला बोरिवलीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांवर फेसबुक लाइव्हमध्येच गोळ्या झाडल्या गेल्या. त्या रात्री मला तो तुकडा चार ग्रुपवर आला, चारही वेळा वेगळ्या लांबीचा.

व्हॉट्सअ‍ॅपची तर तऱ्हाच निराळी. तिथलं कंपनीला दिसतच नाही. तुम्ही रिपोर्ट केलात तर त्या माणसाचे किंवा ग्रुपचे शेवटचे पाच मेसेज तेवढे त्यांच्याकडे जातात. 1 जुलै 2018 ला धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. अशी प्रकरणं वाढली तेव्हा त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. पाच ग्रुप, प्रत्येकात दोनशे माणसं, हिशेब तुम्हीच करा.

आता तुम्ही काय करायचं ते. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला फोन करा, ग्रुपवर भांडू नका, भांडणात तो व्हिडिओ आणखी चारजण उघडून बघतात. अ‍ॅडमिनला तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. मुलाच्या फोनवर मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा आणि गॅलरीतून काढलात तरी कचऱ्याच्या फोल्डरमधूनही काढा. तो अर्धाच बघून थांबला असेल तर पुढे काय झालं हे त्याच्या डोक्यात घोळत असणार. विचारलं तर खरं ते थोडक्यात सांगा.

फेसबुकचं राहिलं. अ‍ॅपमधला रिपोर्ट ही कायद्याच्या अर्थाने तक्रार नसते, इथेच बहुतेक जण फसतात. 2021 च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांनुसार कंपनीला भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याचा पत्ता त्यांच्या साइटवर असतो. त्याला लिंक, स्क्रीनशॉट आणि ‘मुलांना घातक’ हे कारण देऊन लिहा. 24 तासांत पोच द्यायचं बंधन त्या नियमांत आहे आणि 2022 च्या दुरुस्तीने अशा मजकुरावर 72 तासांत निर्णय घ्यायला सांगितलं होतं, फेब्रुवारी 2026 पासून ती मुदत 36 तासांवर आली. नकार आला तर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं, नकार मिळाल्यापासून 30 दिवसांत. तुमचे आधीचे तीन नकार त्यात धरले जाणार नाहीत, तेव्हा मेल आजच करा आणि पोच आली की तिचा क्रमांक इथे टाका, अपिलाचा मसुदा मी लिहून देतो.